गुन्हा, अपराध आणि पाप

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा सोडले की जिते हे छोटे स्थानक लागते. तेथील एका ओळखीच्या कुटुंबाची विचारपूस करावयास आम्ही गेलो होतो. निघताना घरातील आजीबाईंनी आम्हांस थांबविले. "फादर, बांधाच्या भांडणात पोरावर गुन्हा दाखल झालाय. त्यानं आता कम्युनियन घ्यायचं की नाही?" प्रश्न साधा होता, पण त्यात कायदा आणि धर्म यांची गाठ पडली होती. ती सोडवायची, तर प्रथम शब्दांकडे वळले पाहिजे.

ज्याला इंग्रजीत 'क्राइम' म्हणतात, तो शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधील 'क्रिमेन' या शब्दापासून आला. चाळणे, निवाडा करणे अशा अर्थाच्या धातूशी त्याचे नाते जोडले जाते. रोमन लोकांच्या वापरात 'क्रिमेन' म्हणजे मुख्यतः आरोप. कृत्य नव्हे, तर कृत्याचा ठपका. पुढे ठपक्याचे नाव कृत्यालाच चिकटले आणि मध्ययुगीन इंग्रजीत तर 'क्राइम' म्हणजे देवाविरुद्धचे पाप असाही अर्थ रूढ झाला.

आमच्या मराठीतील 'गुन्हा' हा मूळचा फारसी 'गुनाह'. फारसीत त्याचा अर्थ पाप. मराठीत मात्र तो दरबाराचा शब्द झाला. पेशवाईच्या काळी वाद जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी आणि हरणारा 'गुन्हेगारी' भरी. म्हणजे गुन्हेगारी हे दंडाच्या रकमेचे नाव होते! 'अपराध' हा शब्द संस्कृत. नेम चुकणे हा त्याचा एक जुना अर्थ. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचाही मूळ अर्थ नेम चुकणे असाच आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो, तेव्हा हा अर्थ ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

गुन्हा आणि पाप यांत भेद कोणता? संत ऑगस्टीन यांनी तो सोळाशे वर्षांपूर्वी सांगितला. प्रत्येक गुन्हा हे पाप असते, परंतु प्रत्येक पाप हा गुन्हा नसतो, असे त्यांचे म्हणणे. पण कायदाच अन्याय्य असेल तर? संत थॉमस अक्वायनस उत्तर देतात की, अन्याय्य कायदा सदसद्विवेकबुद्धीस बांधून ठेवीत नाही.

याचा पडताळा आमच्याच रायगड जिल्ह्यात मिळतो. १९२७ च्या वन कायद्याने परवान्यावाचून रानातील लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला होता. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणारा कातकरी एका लेखणीच्या फटक्यासरशी गुन्हेगार झाला. दि. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळील चिरनेर येथे आगरी, कोळी, कातकरी बांधवांनी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह केला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. तत्कालीन सरकारच्या दप्तरी ते कायदा मोडणारे. आज चिरनेरला त्यांचे स्मारक आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी जनांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले.

याहून क्रूर गोष्ट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. त्याने जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. आरोप नाही, पुरावा नाही, निवाडा नाही, केवळ जन्म. सोलापुरास तर अशा लोकांना काटेरी कुंपणाच्या वसाहतीत ठेवीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, ते लोक 'विमुक्त' झाले. पण गावात चोरी झाली की अजूनही प्रथम कोणाच्या पालावर बोट जाते? वाचकांनी स्वतःलाच विचारावे. कायद्याने पुसलेला शिक्का आपल्या जिभेवर उरला असेल, तर ते पाप मात्र आपले आहे.

आजीबाईंना आम्ही सांगितले, "आजी, गुन्हा दाखल झाला म्हणजे पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, एवढेच. खरेखोटे न्यायालय ठरवील. मुलाने काय केले ते त्याचे मन जाणते. चूक झाली असेल, तर पापनिवेदन करावे आणि शेजाऱ्याशी समेट करावा. नसेल, तर निःशंक मनाने वेदीपाशी यावे."

त्यांची नजर भिंतीवरील क्रुसाकडे गेली. पिलाताने त्या क्रुसावर आरोपाची पाटी लावली होती; आणि आपणांस या मनुष्यात दोष आढळत नाही, हेही त्यानेच लोकांना सांगितले होते. दाखल झालेला गुन्हा आणि निर्दोष माणूस एकाच क्रुसावर होते. ज्यांच्या देवघरात तो क्रूस आहे, त्यांनी तरी कोणास 'गुन्हेगार' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.