गालगुंड आणि मधुमेह : एका संशयाचा इतिहास



नागपूर जिल्ह्यांतील नरखेड तालुका संत्र्यांच्या बागांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील खेड्यांत काय किंवा आपल्या शहरांत काय, मुलाला गालगुंड आलें म्हणजे सुजेवर लेप लावावा, चार दिवस निजवून ठेवावें, आणि सूज उतरली कीं दुखणें संपलें असें समजावें, ही घरोघरची रीत. परंतु दुखणें खरोखरच संपतें काय?

१८६४ सालीं नॉर्वेमधील स्टांग नांवाच्या डॉक्टरानें गालगुंडामागून मधुमेह जडलेल्या एका रोग्याची हकीकत नमूद केली. तेव्हां विषाणू ठाऊक नव्हते. मधुमेहाशीं स्वादुपिंडाचा संबंध आहे, हें तर १८८९ मध्यें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून दाखविलें.

१९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं गरोदर मातेचा रुबेला आणि अर्भकाचा मोतीबिंदू यांचा संबंध उघड केला. तीं अर्भकें मोठीं झालीं, तेव्हां त्यांच्यापैकीं पुष्कळांना मधुमेह असल्याचें आढळलें. घाव गर्भांत बसला, पण तो दिसला तारुण्यांत! पुढें १९७९ सालीं अमेरिकेंत, मधुमेह विकोपास जाऊन दगावलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडांतून कॉक्सॅकी विषाणू वेगळा करण्यांत आला. तो टोंचलेल्या उंदरांच्या रक्तांतही साखर वाढली.

असें कां व्हावें? विषाणू इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी स्वतः मारतो, किंवा शरीराचें रक्षकदल शत्रू गेल्यावरही आपल्याच पेशींवर उलटतें. हा नाश इतका मंद असतो कीं, कधीं कधीं मूळ तापाची आठवणही उरत नाहीं. अर्थात् प्रत्येक मुलाच्या वाट्यास हें येत नाहीं. आनुवंशिक प्रवृत्तीही लागते, आणि गालगुंडाविरुद्धचा पुरावा अद्याप संशयापलीकडे गेलेला नाहीं.

नोव्हेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्रांत गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम सुरू झाली. त्या लसींत गालगुंडाचा अंश नव्हता. म्हणून घरांतील वडील माणसांना एवढेंच सांगणें आहे : आजारांतून उठलेलें मूल वारंवार पाणी मागूं लागलें, रात्रीं लघवीस उठूं लागलें व खाऊनही वाळूं लागलें, तर ‘तापाची कसर आहे’ म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. १९२२ पूर्वीं निदान होऊनही अशीं मुलें वांचत नसत. आज इन्शुलिन हातीं असतां केवळ उशिरामुळें मूल गमावणें, याला दैव म्हणतां येणार नाहीं.