मुळशीचे पाणी व मुंबईची वीज : ‘सार्वजनिक हेतू’ या कल्पनेचा एक ऐतिहासिक विचार

१

धरणाची भिंत अभियंत्याने अभ्यासावी, विजेचा दर अर्थशास्त्रज्ञाने पाहावा आणि बुडालेल्या गावांची विचारपूस समाजशास्त्रज्ञाने करावी, अशी विषयांची वाटणी पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पुष्कळ काळ रूढ होती. या वाटणीमुळे प्रत्येक शाखेचे काम सुकर झाले हे खरे. परंतु ज्या घटनेत ही तिन्ही अंगे एकमेकांत गुंतलेली असतात, तिचा उलगडा अशा वाटणीने होत नाही. ऊर्जा, तिच्यासाठी उभारलेली बांधकामे आणि त्यांच्याभोवतालचा निसर्ग यांचे राजकारण एकत्रितपणे कसे अभ्यासावे, याचे महाराष्ट्रातील एक उद्बोधक उदाहरण म्हणजे १९२१ ते १९२४ या काळातील मुळशीचा सत्याग्रह होय. स्वातंत्र्यलढ्यातील एक प्रकरण म्हणून तो बहुधा सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार निराळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे : लाभ एका ठिकाणी आणि हानी दुसऱ्या ठिकाणी होत असता, त्या दोहोंस ‘सार्वजनिक’ या एकाच शब्दाने कसे बांधण्यात आले?

२

प्रथम भूगोल पाहणे अगत्याचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणाऱ्या पावसाचे पाणी बव्हंशी पूर्वेकडे वळते. मुळा नदी मावळातून वाहत पुण्यास मुठेला मिळते. तेथून ते पाणी भीमेत, भीमेतून कृष्णेत व अखेर बंगालच्या उपसागरात जाते. या मार्गात उतार मंद आहे. उलटपक्षी घाटाच्या पश्चिमेस कोकणाची भूमी एकदम सुमारे पाचशे मीटर खाली आहे. पूर्ववाहिनी नदी माथ्यावरच अडवावयाची आणि तिचे पाणी बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेकडे सोडून त्या उताराच्या बळावर वीज निर्माण करावयाची, ही टाटांच्या जलविद्युत् योजनांमागील मूळ कल्पना होती. जमशेटजी टाटा १९०४ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. आंध्रा खोऱ्यातील पाण्यावर चालणारे भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये, तर मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले.

ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. मुंबई इलाख्यात कोळशाच्या खाणी नसल्याने गिरण्यांना कोळसा रेल्वेने वा जहाजाने दूरवरून आणावा लागे. त्याची किंमत आणि वाहतुकीची अनिश्चितता या दोन्ही गोष्टी गिरणीमालकांना जाचत. शिवाय गिरण्यांच्या धुराचा उपद्रव शहरास इतका होऊ लागला होता की, त्याच्या नियंत्रणासाठी १९१२ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. जलविद्युत् आली म्हणजे खर्च आटोक्यात येईल आणि धूरही हटेल, असा दुहेरी लाभ शहरास दिसत होता. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जलशक्तीला ‘पांढरा कोळसा’ असे नाव पडले होते. या नावात विजेची स्वच्छता सूचित होते. तथापि कोळशाला जशी खाण लागते तशी या पांढऱ्या कोळशालाही भूमी लागते, ही गोष्ट मात्र त्या नावात कोठेही येत नाही. मुंबईच्या हवेतील धूर कमी करणारी योजना मावळातील खोरे पाण्याखाली घालणार होती. पर्यावरणाचा लाभ व पर्यावरणाची हानी या एकाच योजनेच्या दोन बाजू होत्या. फक्त त्या घाटाच्या दोन अंगांना होत्या.

३

एका खाजगी कंपनीसाठी शेतकऱ्यांची जमीन सक्तीने घेता येते ती कोणत्या आधाराने? हा आधार १८९४ च्या भूसंपादन कायद्याने पुरविला. सार्वजनिक हेतूसाठी जमीन घेण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला. परंतु सार्वजनिक हेतू म्हणजे काय याची पूर्ण व्याख्या मात्र त्यात केली नाही. त्या संज्ञेत गावठाणासाठी जागा पुरविण्याचा समावेश होतो, एवढेच व्याख्येच्या कलमात म्हटले होते. अमुक जमीन सार्वजनिक हेतूसाठी हवी आहे असे सरकारने जाहीर केले की, ती घोषणाच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानली जाई. म्हणजे शब्दाचा अर्थ कोशात वा न्यायालयात न ठरता सरकारी घोषणेतच ठरत असे.

कंपन्यांसाठी करावयाच्या संपादनाची तरतूद कायद्याच्या सातव्या भागात होती. नियोजित काम लोकांना उपयुक्त ठरण्याचा संभव आहे अशी सरकारची खात्री होणे, आणि त्या कामाचा उपयोग लोकांनी कोणत्या अटींवर करावा याचा कंपनीशी करार होणे, अशा अटी तेथे घातल्या होत्या. या अटींतील ‘लोक’ कोण, हा प्रश्न मुळशीच्या संदर्भात कळीचा ठरतो. रस्ता किंवा कालवा झाला तर ज्याची जमीन गेली त्यालाही त्याचा काही उपयोग करता येतो. मुळशीच्या पाण्यावर होणारी वीज घाट उतरून मुंबईस जाणार होती. ज्यांची जमीन जाणार होती ते लोक निराळे आणि ज्यांना काम उपयुक्त ठरणार होते ते लोक निराळे होते. कायद्याच्या भाषेत मात्र दोघांना एकच शब्द होता.

४

मुळशीचा प्रदेश त्या काळी ‘पेटा’, म्हणजे तालुक्याचा पोटविभाग, म्हणून ओळखला जाई. म्हणूनच तत्कालीन मराठी लेखनात ‘मुळशी पेटा’ असा उल्लेख वारंवार आढळतो. आंबेमोहोर तांदळाबद्दल हा मुलूख प्रसिद्ध होता. सुमारे पन्नास गावांना धरणाची झळ पोहोचणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले व काम बंद पडले. पां. म. बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख पुढारी होत, न. चिं. केळकर व शि. म. परांजपे यांच्यासारखे पुण्यातील नेतेही त्यात सामील झाले. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी लाभली ती याच लढ्यात. महात्मा गांधींनी आरंभीच्या काळात कायदेशीर हक्कावर विसंबून न राहता लोकांशीच विचारविनिमय करण्याची सूचना टाटांना केली होती.

पहिल्या पर्वात काम काही काळ तहकूब झाले. परंतु ते पुन्हा सुरू होताच १९२१ च्या अखेरीस सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले आणि मोठ्या प्रमाणावर अटका झाल्या. हळूहळू लढ्याचा जोर ओसरला. १९२४ च्या डिसेंबरात बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगारांना नेणारी रेल्वेगाडी सशस्त्र अडविली, त्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरणाचे काम पूर्णत्वास गेले.

लढा का मोडला, याचे उत्तर केवळ सरकारच्या दडपशाहीत शोधणे पुरेसे नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या संशोधनात खोऱ्यातील जमीनधारणेकडे लक्ष वेधले आहे. पुष्कळशी जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, आणि कसणारा मावळा तिच्यावर कूळ म्हणून राबत होता. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही मालमत्ता होती. तिच्याबद्दल योग्य मोबदला मिळाला की त्याचा प्रश्न मिटत असे. मावळ्याच्या दृष्टीने ती उपजीविका होती, आणि तिचा मोबदला पैशात होणे कठीण होते. कायद्याने बाजारभावावर शेकडा पंधरा टक्के अधिक रक्कम सक्तीच्या संपादनाबद्दल ठेवली होती. परंतु हा सारा हिशेब मालकी हक्काला जोडलेला होता. त्यामुळे मोबदल्याच्या वाटाघाटी सुरू होताच मालक आणि कसणारा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंबई व मावळ यांच्यात जे अंतर होते, तसलेच एक अंतर मावळाच्या आतही होते, आणि लढ्याचा पाया तेथेच खचला.

५

व्होरा यांनी मुळशीच्या लढ्याचे वर्णन जगातील पहिली धरणविरोधी चळवळ असे केले आहे. हे वर्णन तुलनेच्या कसोटीवर तपासून पाहणे विद्यार्थ्यांस लाभदायक ठरेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हेच हेची खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी धरण बांधण्यास जॉन म्यूर प्रभृतींनी कसून विरोध केला होता. १९१३ मध्ये तेथील संसदेने धरणास संमती दिली, आणि १९२३ मध्ये, म्हणजे मुळशीचा लढा चालू असतानाच, ते धरण पुरे झाले. कालानुक्रमे पाहता तो विरोध आधीचा होय. परंतु हेच हेचीचे खोरे राष्ट्रीय उद्यानात होते, आणि तेथील वाद निसर्गसौंदर्याच्या रक्षणासाठी होता. ज्यांची घरे व शेते बुडणार अशा लोकांनी स्वतः धरणाच्या जागी बसून केलेला संघटित प्रतिकार, या अर्थाने घेतल्यास मुळशीबद्दलचे विधान ग्राह्य वाटते. ‘पर्यावरण’ या एका शब्दाखाली पुढे एकत्र आलेल्या दोन परंपरा, एक निसर्ग राखण्याची व दुसरी निसर्गावरील उपजीविका राखण्याची, या दोन खोऱ्यांत अलगपणे दिसतात.

६

स्वातंत्र्यानंतर सत्ता पालटली, तरी घाटाची रचना तीच राहिली. कोयना प्रकल्पाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. त्यातही पूर्ववाहिनी नदीचे पाणी पश्चिमेस पोफळीकडे वळविण्यात आले. येथे कंपनीच्या जागी राज्य होते, परंतु लाभ आणि हानी यांतील अंतर कायम होते. कृष्णा पाणी तंट्यात लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला व १९७६ मध्ये त्यास पुरवणी अहवाल जोडला, तेव्हा पश्चिमेकडे वळविलेल्या या पाण्याला मर्यादा घालण्यात आल्या. टाटांच्या योजनांसाठी वर्षाला ५४.५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट, ही ती मर्यादा होय. मुळशीच्या शेतकऱ्याने जमिनीबद्दल विचारलेला प्रश्न आता खोऱ्यातील राज्ये पाण्याबद्दल विचारीत होती.

याच सुमारास मराठीत ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द रूढ झाले. ‘ग्रस्’ या धातूचा अर्थ गिळणे असा आहे. भरपाईच्या कायद्यातील ‘हितसंबंधी व्यक्ती’ या संज्ञेत जे दडून राहते ते या शब्दात उघड होते. १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती बाधितांना द्यावयाची, हे त्याचे तत्त्व होते. हे तत्त्व सिंचनाच्या धरणास लागू पडते, कारण तेथे लाभ जमिनीवरच उतरतो. वीज मात्र जमिनीवर उतरत नाही. गिरणी, रेल्वे आणि शहरातील घर हे तिचे लाभक्षेत्र होय, आणि त्यातून विस्थापिताला द्यावयास एक गुंठाही निघत नाही.

१८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात कूळ, शेतमजूर व कारागीर यांची गणना बाधित कुटुंबांत झाली, ही मोठी सुधारणा होय. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना शेकडा ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरविण्यात आली. तथापि कलम बारकाईने वाचल्यास असे दिसते की, ही संमती ज्यांची जमीन वा स्थावर मालमत्ता घेतली जाते आणि ज्यांना शासनाने जमीन दिलेली असते, अशा कुटुंबांपुरतीच मर्यादित आहे. भूमिहीन कूळ पुनर्वसनास पात्र आहे; संमती देण्यास वा नाकारण्यास नाही.

७

यावरून ऊर्जेच्या राजकारणाच्या अभ्यासाची एक पद्धती सुचते. कोणत्याही प्रकल्पाचे तीन प्रवाह स्वतंत्रपणे मांडावेत : पाणी किंवा इंधन कोठून कोठे गेले, वीज कोठे व कोणास मिळाली, आणि मोबदला कोणाच्या हाती पडला. मग हे तीन नकाशे एकावर एक ठेवावेत. ज्या ठिकाणी ते जुळत नाहीत तेथेच ‘सार्वजनिक’ या शब्दाचा उपयोग कोणी, कोणाविरुद्ध केला हे शोधावे. त्यासाठी इंग्रजी सरकारी कागद व मराठी वृत्तपत्रे शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे. कारण एका भाषेत जे ‘संपादन’ असते ते दुसरीत ‘बुडणे’ असते. आज पवनचक्क्या व सौरऊर्जेची उद्याने यांसाठी पुन्हा मोठ्या प्रमाणावर जमीन लागत आहे, आणि पुन्हा स्वच्छ ऊर्जा हेच त्यामागील समर्थन आहे. ते समर्थन खोटे नाही. मुंबईचा धूरही खोटा नव्हता. परंतु घाटाच्या एका बाजूचे सत्य सांगून दुसऱ्या बाजूचा हिशेब पुरा होत नाही, एवढे मुळशीच्या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.