आगर: खाण, मीठ आणि माड

उरण-पेणकडच्या माणसाने ‘आगर’ म्हटले की खाऱ्या पाण्याचे वाफे आणि मिठाच्या राशी समजाव्यात; गुहागर-दापोलीकडच्याने म्हटले की माड, पोफळी, विहिरीवरचा रहाट आणि पाटाचे पाणी. पहिल्या जमिनीत गवताचे पातेही धरत नाही, दुसरीत ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. एकाच किनाऱ्यावर, एकाच भाषेत, इतक्या विरुद्ध स्वभावाच्या जमिनींना एकच नाव कसे पडले असावे?

मुळाचे दावेदार दोन. एक संस्कृत ‘आगार’, म्हणजे घर, कोठी. कारागार, शस्त्रागार आणि एस.टी.चे आगार यांतले. दुसरा ‘आकर’, म्हणजे खाण. मिठागर म्हणजे मिठाची कोठी, हा अर्थ चटकन पटतो, आणि म्हणूनच तो तपासून घ्यावा. ‘आगार’ समासाच्या शेवटी आले की मराठीत त्याचे काय होते? कोष्ठागाराचे ‘कोठार’ झाले, भाण्डागाराचे ‘भांडार’. मधला ‘ग’ गळाला, दीर्घ ‘आ’ टिकला. या वाटेने मिठाच्या कोठीचे ‘मिठार’ व्हायला हवे होते. ‘मिठागर’ मात्र ‘ग’ राखून आहे आणि त्यापुढचा स्वर ऱ्हस्व आहे. ‘आकर’चे प्राकृत रूप ‘आगर’ असेच होते. ‘क’चा ‘ग’ होणे प्राकृतात नवे नाही. ‘लोक’चे ‘लोग’ झाले ते असेच. तेव्हा ध्वनींचा कौल खाणीकडे दिसतो.

अर्थाचा कौलही तिकडेच आहे. मीठ समुद्राचे, खाण डोंगराची, असे आपल्याला वाटते; जुन्या राज्यव्यवस्थेला तसे वाटत नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लवणाध्यक्ष हा अधिकारी खाणींच्याच प्रकरणात, आकराध्यक्षाच्या शेजारी येतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा दानलेख आहे. त्यात भिक्षूंना दिलेल्या शेताला ज्या सवलती आहेत, त्यांपैकी एक ‘अलोणखादक’. या शेतात मिठासाठी खणू नये, असा त्याचा अर्थ लावतात. मीठ ही खणून काढायची आणि राजाच्या हक्काची वस्तू होती, असे यावरून दिसते. जे खणायचे त्याच्या जागेला आकर म्हणणे ओघानेच आले.

या दानलेखात मिठाला शब्द आहे तो ‘लोण’, संस्कृत ‘लवण’चा वंशज. मराठीत तो आज लोणच्यात उरला आहे, ‘अळणी’मध्ये (अलवण) ओळख बदलून बसला आहे, आणि लोणारी या जातिनामातही आहे. मग ‘मीठ’ कुठून आले? ते ‘मिष्ट’चे, प्राकृत ‘मिट्ठ’चे रूप. मूळ अर्थ गोड, रुचकर. हिंदीत त्यातून ‘मीठा’ झाला, म्हणजे गोडच राहिला. मराठी आणि गुजरातीने मात्र तो खारटाला दिला. जेवणाला चव आणते ते मीठ, असा सरळ विचार त्यामागे असावा. यातून आणखी एक दुवा हाती लागतो. ‘मिठागर’ हा जोडशब्द ‘मीठ’ला आजचा अर्थ आल्यानंतरचाच असणार, नुसते ‘आगर’ त्याहून जुने असावे. गुजरातेत मीठ पिकवणारे आजही ‘अगरिया’, आपल्याकडे ‘आगरी’. दोन्ही नावांत मिठाचा उल्लेख नाही. तो करण्याची गरजच नव्हती.

मग माड-पोफळीच्या बागेला आगर का म्हणावे? ‘आकर’ची परंपरागत व्युत्पत्ती ‘आ + कॄ’ अशी देतात, म्हणजे पसरणे, विखुरणे. ‘आकीर्ण’ याच धातूचे. जिथे मौल्यवान वस्तू विपुल पसरलेली असते ते आकर. या अर्थाने समुद्र ‘रत्नाकर’, सद्गुणी माणूस ‘गुणांचे आगर’, आणि वर्षभर नारळ-सुपारी देणारी बाग हेही आगरच. मीठवाल्याने शब्दातली खाण घेतली, बागायतदाराने विपुलता घेतली असे दिसते. दोन्ही जमिनी मुळात निसर्गाने दिलेल्या नाहीत, हेही लक्षात घ्यावे. एकीत बांध घालून भरतीचे पाणी कोंडावे लागते; दुसरीत रहाटाने गोडे पाणी उपसून पाटातून आळ्याआळ्याला द्यावे लागते. हा ‘रहाट’ म्हणजे संस्कृत ‘अरघट्ट’, आणि ‘आळे’ म्हणजे ‘आलवाल’. बागेतली साधनेही अशी जुन्या घराण्यातली आहेत.

ग्रामनामांत हा दुसरा अर्थ अधिक रुजलेला दिसतो. गुहागर घ्या, दिवेआगर घ्या. ‘दिवे’मध्ये ‘द्वीप’चे प्राकृत रूप ‘दीव’ असावे. गोव्यातले कुळागरही पोफळीचेच. अलिबागचा किनारा तर ‘अष्टागर’ म्हणूनच ओळखला जातो: किहीम, थळ, अक्षी, नागाव, चौल ही त्यातली नावे. समुद्राकडच्या पट्टीत वाड्या, आणि थोडे आत गेले की खाऱ्या जमिनीचा खारेपाट. म्हणजे आगराचे दोन्ही अर्थ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदतात.

याच खारेपाटातल्या चरी गावी १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप चालला. संपकरी कुळे प्रामुख्याने आगरी. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या अधिनियमाने. ज्यांच्या नावातच आगर होते, त्यांच्या नावावर जमीन नव्हती. ‘कुळ’ या शब्दाचा प्रवासही इथेच पाहावा: संस्कृतात ‘कुल’ म्हणजे घराणे, मग सारा देणारे घर, आणि शेवटी दुसऱ्याची जमीन कसणारा.

कागदावर मात्र आगर सहसा भेटत नाही. सातबारावर ते ‘बागायत’ होते: फारसी ‘बाग’ला अरबी अनेकवचन. शेजारची ‘जिरायत’ अरबी ‘जिराअत’ची. ‘मालमत्ता’ म्हणजे ‘माल’ आणि ‘मता’, दोन्ही अरबी. ‘मिळकत’ तर ‘मिळणे’पासून आल्यासारखी वाटते, पण मूळ अरबी-फारसी ‘मिल्कियत’ असावे. मराठीने ‘ळ’ देऊन तिला घरची करून घेतले. होडीवरही हाच प्रकार: ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी, ‘बंदर’ आणि ‘दर्या’ही फारसीच. पाणी अरब-इराण्यांबरोबर वाटून घेतलेले होते आणि दप्तर सुलतानी अमलात घडले, त्यामुळे तिथली भाषा मिश्र झाली असावी. जाळे, नाव, होडी हे देशी शब्द बाजूला आहेतच, म्हणून याला नियम म्हणू नये. कल मात्र स्पष्ट दिसतो. हाताने कसायच्या जमिनीचे शब्द प्राकृत राहिले, तिची नोंद करण्याचे शब्द फारसी झाले.

म्हणून माझा निर्णय ‘आकर’च्या बाजूने आहे. ‘आगार’ हा अर्थाने जवळचा वाटणारा, पण वेगळ्या कुळातला शब्द. या निर्णयाला खरा पुरावा मिळेल तो बोलण्यातून आणि जुन्या दस्तऐवजांतून. किनाऱ्यावरच्या जमिनी वेगाने हात बदलत आहेत, आणि खरेदीखतात गट क्रमांक येतो, शेताचे नाव येत नाही. आपल्या गावातल्या प्रत्येक बांधाचे, खाजणाचे, आगराचे चालते नाव वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. आणि मीठ नाही, माडही नाही, अशा एखाद्या जागेला तुमच्याकडे आगर म्हणत असतील, तर ती नोंद सर्वांत आधी करा.