द्रुमाकृती

खडकाच्या भेगेत, स्तरांमधल्या फटीत किंवा स्फटिकाच्या पोटात खनिज झाडासारखे फांद्या फुटत वाढते, तेव्हा त्या नक्षीला द्रुमाकृती म्हणतात. जर्मनीतील सोल्नहोफेनच्या पिवळसर चुनखडकाची लादी उकलली की आत नेच्यासारखी काळी नक्षी दिसते. उत्तर प्रदेशात केन नदीच्या पात्रातला, बांदा येथील कारागीर घासून चमकवतात तो ‘शजर’ अकीकही याच जातीचा. सोल्नहोफेनमध्येच 1861 साली आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा जीवाश्म ओळखला गेला, त्यामुळे तिथली नक्षी वनस्पतीची वाटावी हे स्वाभाविकच. पण भिंगाखाली तिला ना देठ दिसतो, ना शिरा; दिसतात ते ऑक्साइडाचे कण. अनेकदा सगळ्या फांद्या एका भेगेच्या रेषेपासून निघतात, कारण खनिजयुक्त पाणी तिथूनच आत झिरपलेले असते.

हा आकार पदार्थाचा नसून पुरवठ्याचा आहे. पाण्यातले मँगॅनीज किंवा लोह ऑक्साइड होऊन साचू लागले की जे टोक जरा पुढे सरकते त्याला ताज्या द्रावणातले आयन आधी मिळतात, मागच्या खोबणी उपाशी राहतात. पुढचे टोक आणखी पुढे जाते आणि त्यावरच नवे फाटे फुटतात. विटेन आणि सँडर यांनी 1981 मध्ये संगणकावर स्वैर भटकणारे कण एकेक करून चिकटू दिले, तेव्हा एवढ्याच नियमातून झाड उभे राहिले. त्याआधी, 1979 मध्ये, पॉटर आणि रॉसमन यांनी मँगॅनीजच्या द्रुमाकृती अवरक्त किरणांनी तपासल्या. सरसकट पायरोल्युसाइट समजल्या जाणाऱ्या या नक्षीत रोमानेशाइट, हॉलंडाइट अशी निरनिराळी खनिजे निघाली. खनिज बदलले, घडण तीच राहिली.

आकार पदार्थाचा नसेल तर हिमकणाला नेमक्या सहाच फांद्या का, हा आक्षेप रास्त आहे. फांद्यांच्या दिशा बर्फाची स्फटिकरचना ठरवते, यात वाद नाही. पण फांद्या फुटणार की नाही हे ती एकटी ठरवत नाही. 1936 साली होक्काइडोत कृत्रिम हिमकण वाढवणाऱ्या उकिचिरो नाकाया यांच्या प्रयोगमालेतून दिसले की तापमान आणि बाष्प बदलताच त्याच बर्फाच्या सुया, तबकड्या किंवा तारे होतात. फांद्यांचे तारे उणे 15 अंश सेल्सिअसच्या आसपास, भरपूर बाष्पात. दुसरा आक्षेप जीवाणूंचा. मँगॅनीजचे ऑक्सिडीकरण जीवाणूही करतात, तेव्हा एखाद्या द्रुमाकृतीला त्यांचा हातभार लागलेला असू शकतो. मात्र त्यामुळे ती नक्षी त्यांच्या शरीराचा ठसा ठरत नाही. उलट, नुसत्या साम्यावरून कारण एकच मानणेही धोक्याचे. दख्खनच्या बेसाल्टवर नद्यांचे वृक्षाकार जाळे आहे, पण ते साचून वाढलेले नाही, झिजेने कोरलेले आहे.