फाटक्या आवाजाचं कूळ

मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं रॉकवेड्यांच्या आवडत्या गाण्यांत सहसा नसतं. १९६१ सालचं, नॅशव्हिलमधलं, हळुवार कंट्री गाणं. पण ते अर्ध्यावर आलं की बासचा एक तुकडा लागतो, आणि तो चक्क फाटलेला आहे. लग्नाच्या मांडवात कर्णा वाजवीपेक्षा मोठा केल्यावर 'आवाज फाटतोय' म्हणून आपण ओरडतो ना, तसा. काही सेकंद ती घरघर चालते आणि मग काही झालंच नाही अशा थाटात मार्टी पुढे गाऊ लागतो. किंक्स, स्टोन्स, ब्लॅक सॅबथ हे माझे जीव की प्राण असलेले बँड. त्यांतल्या स्टोन्सच्या गिटारला ज्या यंत्राने वाट करून दिली, ते या तुकड्यातून जन्मलं.

घडलं ते असं. ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास गिटार वाजवत होता आणि ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलमधल्या एका चॅनलचा ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच बिघडला. पुन्हा वाजवून घ्यायचं की आहे तसं ठेवायचं, यावर बोलणं झालं आणि ठेवायचं ठरलं. गाणं कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग दुसरे कलाकारही तोच आवाज मागू लागले, पण तोवर ते चॅनल पुरतं बंद पडलं होतं. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने ट्रान्झिस्टर जोडून तोच बिघाड हवा तेव्हा घडवणारी एक छोटी पेटी बनवली. गिब्सन कंपनीने १९६२मध्ये ती 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणली. पायाने कळ दाबली की आवाज फाटतो, पुन्हा दाबली की स्वच्छ होतो.

फाटका आवाज मात्र या पेटीहून जुना. मार्च १९५१मध्ये आइक टर्नर आणि त्याची मंडळी मिसिसिपीतून मोटारीने मेम्फिसला निघाली, सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला. वाटेत विली किझार्टच्या अ‍ॅम्प्लिफायरला इजा झाली. मोटारीवरून पडला असं काही सांगतात, पावसात भिजला असं टर्नर सांगायचा. स्पीकरचा कोन दुखावला होता आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. त्यात कागद कोंबून काम भागवलं, तर गिटारची तार सॅक्सोफोनसारखी घोगरी बोलू लागली. फिलिप्सला तो आवाज इतका आवडला की त्याने गिटार मागे ढकलण्याऐवजी पुढे आणली. 'रॉकेट ८८' हे ते गाणं. पहिलं रॉक अँड रोल गाणं कुठलं, या वादात त्याचं नाव हमखास निघतं. त्या वादात मला फारसा रस नाही. गोरी कार्टरसारख्या वादकांनी १९४९मध्येही गिटार अशीच तापवून वाजवली होती. मला मोलाचं वाटतं ते फिलिप्सचं 'राहू दे' म्हणणं. त्या काळच्या कुठल्याही शहाण्या ध्वनिमुद्रकाने ती घरघर दोष मानून काढून टाकली असती. रॉकचं श्रेय वादकांना देतात ते योग्यच आहे, पण काचेपलीकडे बसून 'राहू दे' म्हणणाऱ्या कानांना ते पुरेसं मिळालेलं नाही.

पुढची पायरी म्हणजे बिघाडाची वाट न पाहता तो स्वतः करणं. लिंक रे याने पेन्सिलीने अ‍ॅम्पच्या स्पीकरला भोकं पाडली आणि १९५८मध्ये 'रंबल' आलं. त्यात एक शब्द नाही, नुसती गिटार. तरीही अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, कारण 'रंबल' म्हणजे टोळ्यांची मारामारी, आणि पोरं भडकतील अशी भीती. वाद्यसंगीतावर बंदी! इतक्या संथ चालीत इतकी धमकी मी दुसऱ्या कुठल्याही गाण्यात ऐकलेली नाही.

लंडनमध्ये १९६४ साली सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा एल्पिको अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन दाढीच्या पात्याने चिरला आणि त्याचा आवाज मोठ्या अ‍ॅम्पमधून बाहेर काढला. 'यू रिअली गॉट मी'चं आधीचं मुद्रण संथ झालं होतं, म्हणून किंक्सने ते पुन्हा केलं, आणि इंग्लंडच्या यादीत ते पहिलं आलं. आजही त्याचे पहिले चार-पाच सेकंद ऐकताना मी हातातलं काम ठेवतो.

डेव्हिस जे वाजवतो त्याला 'पॉवर कॉर्ड' म्हणतात, आणि ते समजायला आपल्याकडच्या माणसाला अडचण पडू नये, कारण ते आहे षड्ज-पंचम. आवाज फाटतो म्हणजे काय होतं? अ‍ॅम्पच्या पेलण्यापलीकडे लहर मोठी झाली की तिचा माथा छाटला जातो. गोलाईच्या जागी सपाटी येते, आणि मुळात नव्हते असे वरचे स्वर त्यातून उगवतात. दोन स्वर एकत्र छाटले गेले तर त्यांच्या बेरजेचे नि वजाबाकीचे स्वरही निघतात. सा २०० कंपनांचा धरला तर प ३०० चा. वजाबाकी १००, म्हणजे बरोबर मंद्र सा. न वाजवलेला षड्ज खालून उभा राहतो आणि दोन तारांतून भिंतीएवढा आवाज येतो. त्यात गांधार घालून पूर्ण कॉर्ड वाजवली, तर हीच बेरीज-वजाबाकी गढूळ होते. रॉकची गिटार सा-पवर उभी राहिली ती एवढ्यासाठी. पुढे बर्मिंगहॅमच्या टोनी आयॉमीने पंचम थोडा उतरवून तीव्र मध्यम लावला; 'ब्लॅक सॅबथ' या गाण्याची सुरुवात सा, तार सा आणि तीव्र मध्यम एवढ्याच ऐवजावर चालते. पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती, प्लॅस्टिक वितळवून केलेल्या टोप्या घालून तो हे वाजवत होता.

इकडे स्नॉडीची पेटी धूळ खात होती. गिटारमधून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, चेलो यांचा आवाज काढा, अशी तिची जाहिरात होती, आणि गिटारवाल्यांना चेलो नको होता. मे १९६५मध्ये स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने हॉलिवूडच्या स्टुडिओत 'सॅटिस्फॅक्शन'ची धून त्या पेटीतून वाजवली, तीही कच्चा आराखडा म्हणून. त्या जागी ब्रास बँड घालायचा त्याचा बेत होता. बाकीच्यांनी तो मोडून काढला आणि आराखडाच प्रसिद्ध झाला. त्या वर्षअखेरपर्यंत दुकानांतल्या फझ-टोन पेट्या संपल्या. रिचर्ड्सच्या मनातलं गाणं कसं झालं असतं, ते ओटिस रेडिंगने त्याच वर्षी ब्राससह गाऊन दाखवलं. तेही अप्रतिम आहे, पण त्यात ती आरी नाही.

त्याच वर्षी लंडनमध्ये यार्डबर्ड्सचं 'हार्ट फुल ऑफ सोल' मुद्रित होत होतं. त्याच्या धुनेसाठी एका सतारवादकाला बोलावलं होतं. सतारीच्या घोडीची जवारी मुळात आवाजाला झंकार यावा म्हणूनच केलेली असते. तार घोडीच्या सपाटीला हलकेच घासते आणि वरचे स्वर उमलतात. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान् पिढ्या कानसेने जे हाताने साधत आले, ते इंग्रजी गिटारला नुकतंच, तेही मोडतोड करून, गवसलं होतं. सतार त्या बँडच्या गलक्यात हवी तशी उठेना, तेव्हा जेफ बेकने तीच धून फझ लावून गिटारवर वाजवली. सतारवाली आवृत्तीही पुढे उजेडात आली. दोन्ही लागोपाठ ऐका. बेकची चांगली आहेच. पण ओळ संपताना तारेचा झंकार मागे रेंगाळतो, त्या जागेवर मी सतारीला झुकतं माप देतो.