मातीतली घंटी आणि वसईच्या घंटा



उन्हाळी सुट्टीत आमच्या धर्मग्रामातल्या दोन तरुणांनी ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला आणि गुंजीजवळच्या घरच्याच शेतात फिरवून पाहिला. खिळे निघाले, मोडका विळा निघाला आणि मुठीत मावेल एवढी, हिरवी पडलेली एक पितळी घंटी निघाली. तिच्यावर फुलीसारखी खूण होती. रविवारी मिस्सानंतर ती आमच्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "सर, हा क्रूसच ना? पोर्तुगीजांच्या काळातली असेल?"

घंटी चिंचेने घासून लख्ख करायचा त्यांचा विचार होता. आम्ही थांबवले. घासल्याने जुनी अक्षरे आणि खुणा जातात. वस्तू कुठे, किती खोल, कशाबरोबर सापडली हे आधी लिहून ठेवायचे असते. आपल्याच खानापूर तालुक्यातल्या हलशीला चक्रतीर्थ विहिरीजवळच्या टेकाडात ताम्रपट सापडले. त्यातल्या एकावर पाचव्या शतकातल्या कदंब राजा काकुस्थवर्म्याने आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला शेत दिल्याची नोंद आहे. तो तांबे म्हणून वितळवला असता, तर ही कृतज्ञता कायमची पुसली गेली असती.

कायदाही सांगितला. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. जुन्या देवळांच्या आवारात यंत्र घेऊन उकरायला जाणे तर मुळीच नको.

मग घंटांचा विषय निघाला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या देशावरच्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला अशी घंटा आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ सालची. हे देऊळ १७४७ चे, म्हणजे घंटा देवळाहून जुनी. मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात ते तिच्यावरूनच.

या घंटा ओळखता येतात त्या अंगावरच्या खुणांमुळे. ओतीव कामातच उठवलेली रोमन अक्षरे, साल, क्रूस किंवा संतांची चित्रे असतात. त्यांचे कासे तांबे आणि कथलाचे, कथील साधारण पाचवा हिस्सा. तोफेच्या काशात ते त्याच्या निम्मे असते. युद्धकाळात घंटा वितळवून तोफा ओतल्याची उदाहरणे युरोपात पुष्कळ आहेत. मेणवली आणि नाशिकच्या घंटा मात्र घंटाच राहिल्या.

ऐकता ऐकता एका तरुणाचा चेहरा उतरला. "म्हणजे आपल्या घंटा लुटून नेल्या. परत मागायला हव्यात."

त्याचे दुःख खोटे नव्हते. ज्यांनी ती घंटा ओतवली, तिच्या नादावर प्रार्थना केली, त्यांच्यासाठी तो दिवस अंधाराचा होता. पण खूण वाचायची तर पूर्ण वाचावी. त्याच पोर्तुगीज अमलात बोरिवलीच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे चर्च करण्यात आले होते. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासन बसले होते. आपल्या देवळाची अशी गत झालेली पाहणारे त्या दिवशी कसे रडले असतील? लूट तेवढी आठवायची आणि आपल्या माणसांनी केलेले विसरायचे, हा ख्रिस्ताने शिकवलेला पश्चात्ताप नव्हे.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. मेणवलीच्या घंटेवरची मरियेची आकृती कोणी छिन्नीने उडवलेली नाही. ज्यांची ती माता नव्हती, त्यांच्या घाटावर ती आजही बाळाला घेऊन आहे. युद्धाने आणलेली वस्तू लोकांनी जपली. ती परत मागण्यापेक्षा एकदा तिथे जाऊन त्या जपणुकीबद्दल आभार मानावेत, असे आम्ही त्या मुलाला म्हणालो.

इतक्यात त्याचे आजोबा आले. त्यांनी घंटी हातात घेतली, आतून बोट फिरवले आणि हसले. "अरे, ही आपल्या बैलाच्या गळ्यातली. दुसरी अजून माळ्यावर आहे." संध्याकाळी जोडी लावून पाहिली. तीच घडण, तीच फुली. कारागिराची नक्षी होती ती.

पोरे हिरमुसली. आम्हाला मात्र जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय आठवला. निर्गम ग्रंथात घुंगरे महायाजकाच्या झग्याला आहेत. जखऱ्या मात्र अशा दिवसाची वाट पाहतो, जेव्हा घोड्यांच्या घंट्यांवरही परमेश्वरासाठी पवित्र असे लिहिलेले असेल. मग चिखल तुडवणाऱ्या बैलाची घंटी काय वेगळी? क्रूस शोधताना मुलांना आजोबांचे कष्ट सापडले. हेही पवित्रच.

या आठवड्यात आपणही घरातली एखादी जुनी वस्तू काढा. ती कोणाची, कशी आली, हे वडीलधाऱ्यांना विचारा. उत्तर न आवडणारे असले, तरी पूर्ण ऐका.

हे प्रभू, आमच्या भूतकाळातले सोने आणि गंज, दोन्ही पाहण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.