अर्धच्छेद: लॉगच्या गणिताचे एक जुने कूळ

ओवे, खारघर, पनवेल या पट्ट्यातली बारावी सायन्सची मुले आजही बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल वापरतात. तिथे कॅल्क्युलेटर चालत नाही. या कोष्टकांचे श्रेय स्कॉटलंडच्या जॉन नेपियरला दिले जाते, आणि ते रास्त आहे. त्याचे पुस्तक १६१४ चे. पुढे हेन्री ब्रिग्जने दहाचा पाया धरून १६२४ मध्ये चौदा दशांश स्थळांची कोष्टके छापली. पण लॉगची समीकरणे ज्या नियमांनी सुटतात, ते नियम आपल्याकडे राष्ट्रकूटांच्या काळातच लिहिले गेले होते.

ते आहेत ‘धवला’त. षट्खंडागम या जैन आगमावरची ही वीरसेनाचार्यांची टीका. संख्या किती वेळा निम्मी केली की एक उरतो, त्या मोजणीला ते अर्धच्छेद म्हणतात. आठाचे अर्धच्छेद तीन, सोळाचे चार; म्हणजेच पाया दोन असलेला लॉग. तिसरा हिस्सा करत गेले की त्रिकच्छेद, चौथा करत गेले की चतुर्थच्छेद. म्हणजे पाया बदलणेही आलेच. गुणाकाराचे अर्धच्छेद ही दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे ही वजाबाकी, हेही तिथे आहे.

हे सुचले ते गरजेतून. जैन विश्वरचनेत जंबूद्वीप एक लाख योजने व्यासाचे. त्याभोवती समुद्र, मग द्वीप, पुन्हा समुद्र. प्रत्येक वलय आधीच्याच्या दुप्पट रुंद. मग रज्जू या अफाट अंतरात अशी वलये किती मावतील? इथे शोधायची संख्या घातांकात लपलेली असते, आणि ती बाहेर काढायला रज्जूचे अर्धच्छेदच मोजावे लागतात.

धवलेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीला बंदिस्त होती. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला सुरू झाल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ पासून धवला खंडाखंडाने छापली, आणि तिच्या समाप्तीचा काळ इ.स. ८१६ असा ठरवला. चौथ्या खंडात लखनौच्या अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतल्या गणितावरचा लेख आला, तेव्हा कुठे गणिताच्या अभ्यासकांना धवलेतले अर्धच्छेद नीट कळले. अमरावतीतल्या त्या कामाचे ऋण मला फार मोठे वाटते.

वीरसेनांनी कोष्टके केली नाहीत, आणि नेपियर आपल्या वाटेने स्वतंत्रपणे तिथे पोहोचला. तरी पाया दोन असलेले समीकरण अर्धच्छेदांच्या भाषेत फार स्वच्छ दिसते. क्ष आणि (क्ष − ६) यांच्या अर्धच्छेदांची बेरीज चार; क्ष किती? बेरीज चार, म्हणजे गुणाकार सोळा. क्ष(क्ष − ६) = १६ सोडवले की ८ आणि −२ ही दोन उत्तरे येतात. आठाचे अर्धच्छेद तीन, दोनाचा एक, बेरीज जुळली. −२ मात्र कितीही वेळा निम्मे केले तरी एकावर येत नाही, म्हणून ते सोडून द्यायचे.